वन्संची खुर्ची

आमच्या वन्सं बायकांचे कपडे शिवतात आणि माणसं उसवतात. दुकानात पाऊल टाकलेल्या बाईला टेप लावायच्या आधीच "गेल्या खेपेपेक्षा सुटलीस गं" असं सांगतात, आणि ते खरं असतं. स्वतःच्या वजनाचा विषय मात्र घरात कुणी काढायचा नाही. लग्नात साठ किलो होतं, तेच अजून आहे, असं त्यांनी एकदा जाहीर केलं. माझे यजमान आणि धाकटे भाऊजी, त्यांचे दोघे सख्खे भाऊ, त्यावर विश्वास ठेवून आहेत. मध्यंतरी आमच्याकडे त्या बसलेल्या खाटेचा पाय मोडला, तेव्हा दोघांनी मिळून सुताराला नावं ठेवली.

वन्सं राहतात डोंगरातल्या एका लहानशा गावात. तिथली हवा चांगली आहे. हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकवलंय, की ती हवा त्यांनीच शिवून दिली असावी. माझ्या धाकट्या जावेला सातवा महिना लागला आणि वन्संचा हुकूम आला, हिला इकडे पाठवा, शहरातला धूर खाऊन पोराचं काय व्हायचं! धाकटीला नाही म्हणता येत नाही आणि भाऊजींना ते कुणी शिकवलेलंच नाही. त्या दोघांसोबत मीही गेले, कारण एकतरी शहाणं माणूस बरोबर असावं असं मला वाटलं. मी सामान उचलायला आलेय, असं वन्संना वाटलं.

त्या चांगल्या हवेत आठवडा निघाला नाही तोच धाकटी बाळंत झाली. मुलगा. किलोभराच्या आसपास, तळहातावर मावेल एवढा. तिथल्या दवाखान्यात त्याला ऊब देण्याची सोय होती, पण श्वास नीट चालवायचं यंत्र नव्हतं. डॉक्टरांनी शहरातल्या मोठ्या इस्पितळाला फोन केला. तिथून छोटं विमान येणार, त्यात एक डॉक्टर, एक सिस्टर आणि बाळाला ठेवायची काचेची पेटी. नातेवाइकांसाठी खुर्ची एकच. तो मुलगा आज माझ्या सोफ्यावर उड्या मारून स्प्रिंगा तोडतो, म्हणून हे मला हसत लिहिता येतंय. तेव्हा हसणं कुणाला सुचत नव्हतं.

खुर्ची एकच म्हटल्यावर दवाखान्याच्या बाकावर बैठक बसली. अध्यक्षपद वन्संकडे, कारण ते कायमच त्यांच्याकडे असतं. डॉक्टर म्हणाले, बाळंतपण सरळ झालंय, टाके आहेत, पण बसवत असेल तर आईनेच जावं, बाळाला तिचं दूध लागेल. दूध मागाहून पाठवता येईल, असं वन्सं म्हणाल्या. जणू आमचा गवळी रोज विमानाने जातो. मी मध्ये पडले, म्हटलं, ती आई आहे. त्यावर वन्सं म्हणाल्या, म्हणूनच नको, आई रडणार, तिथे मोठ्या डॉक्टरांशी बोलायला डोकं ठिकाणावर असलेलं माणूस पाहिजे. भाऊजींनी मान डोलावली. त्याआधी माझ्या बोलण्यावरही त्यांनी डोलावली होती. तेवढ्यात इस्पितळातून फोन आला, बरोबर कोण येणार आणि वजन किती, कारण विमान लहान आहे. फोन कुणाच्या हातात होता हे सांगायला नकोच.

"मी येणार. बाळाची आत्या. साठ."

मला ठसका लागला. वन्संनी मला पाणी प्यायला सांगितलं.

आतल्या खोलीत धाकटी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी कपाळावर हात ठेवला तेव्हा हळूच म्हणाली, "ताई, त्याला फक्त माझा आवाज माहीत आहे. तिथे त्याच्याशी कोण बोलेल?" तशीच बाहेर जाऊन मी पुन्हा भांडले आणि पुन्हा हरले. माझे यजमान बरोबर नव्हते, असते तर एक मान आणखी डोलली असती, एवढंच.

धावपट्टी गावाबाहेर, एका टेकडीच्या कडेला. पट्टी कसली, बरा रस्ता म्हणायचा. बाळाची पेटी विमानात चढली, सिस्टरने नळ्या पुन्हा तपासल्या. निरोप द्यायला म्हणून धाकटीला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. वन्सं ठेवणीतले कपडे घालून, हातात एक फुगलेली बॅग घेऊन आल्या. बारशाला निघालेली पाहुणीही इतकी नटत नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती.

वैमानिक कोवळा होता. त्याने शिडीपाशी येऊन सगळं समजावून सांगितलं. पट्टी आखूड आहे, उठताना वजन जास्त चालत नाही. साठ किलो धरून जेमतेम तिथवर पोचेल इतकं इंधन घेतलंय. त्याहून जास्त भार झाला तर इंधन कमी करावं लागेल, मग मध्ये एकदा उतरून भरावं लागेल, आणि एवढ्या नाजूक बाळाला घेऊन दोनदा उठायचं-उतरायचं म्हणजे जिवाशी खेळ. मग त्याने वन्संकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि मोठ्या अदबीने विचारलं, "साठच ना?"

वन्संचा एक पाय शिडीवर होता. तिथे वजनकाटा नव्हता. त्या माणसाची पुन्हा विचारायची छाती झाली नसती. फक्त हो म्हणायचं होतं, आणि वन्संना हो म्हणवून घ्यायची आणि म्हणायचीही आयुष्यभराची सवय. त्या दारातून आत पाहत राहिल्या. काचेतून बाळाची छाती वरखाली होताना दिसत होती. मग त्यांनी पाय खाली घेतला.

"ब्याण्णव," त्या म्हणाल्या. आणि जरा थांबून, "बॅग सोडून."

भाऊजींचं तोंड उघडंच राहिलं. कुणी हसलं नाही. मीसुद्धा नाही. सिस्टरने मग बैठक न बोलावता उघडउघड साठाच्या आतल्या धाकटीला सरळ विचारलं, बसवेल का तुम्हाला? धाकटी खुर्चीचे हात धरून उभी राहिली.

शिडी उंच होती. पहिल्याच पायरीला टाक्यांनी तिचा चेहरा पांढरा पडला. भाऊजी कुठे धरावं याचा विचार करत उभे होते. वन्सं पुढे झाल्या, धाकटीच्या गुडघ्यांखाली एक हात घातला, पाठीमागे एक घातला आणि तिला लहान पोरीसारखी उचलून वर नेली. खुर्चीत बसवली, अंगावर पांघरूण घातलं, आणि खाली आल्या. धाकटी तोवर काचेला गाल लावून बाळाशी बोलायला लागली होती.

दार लागेपर्यंत तिने वळून पाहिलं नाही. आमच्या घरात वन्संचा निरोप न घेता कुणी उंबरठाही ओलांडत नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या बॅग पोटाशी धरून, विमान टेकडीआड होईपर्यंत बघत होत्या, आणि त्यांना राग आलेला नव्हता.