सांध्याची किल्ली

“वंदनाताई, चांगली बातमी. तो ‘सांधा’वाला शेवटी जातोय.”

किरणभाऊ फोन हातात धरूनच माझ्या टेबलापाशी आले. किरणभाऊ म्हणजे आमच्या कंपनीचे मालक. वयानं माझ्याहून लहान, पण जळगावात मालकाला भाऊच म्हणतात. फोनवर इंग्रजीत दोन-तीन ओळी होत्या. ‘सांधा’चं काम यापुढे माझ्याकडून होणार नाही, सोमवारपासून सगळी जबाबदारी ल्यूकसकडे, सर्वांचे आभार. खाली सही म्हणून नुसतं ‘एस’.

“हा ल्यूकस एकदम फास्ट आहे,” भाऊ म्हणाले. “सकाळी विचारलं की दुपारी उत्तर. जुना माणूस पंधरा-पंधरा दिवस तोंड उघडत नाही.”

मलाही बरंच वाटलं. आमची एक अडचण त्या जुन्या माणसाकडे कधीची पडून होती.

आधी हे ‘सांधा’ काय ते सांगते. आम्ही पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवतो. तुमचं रक्त तपासतात ते मशीन आकडे देतं आणि ते आकडे कॉम्प्युटरवर येऊन तुमचा रिपोर्ट तयार होतो. पण प्रत्येक कंपनीच्या मशीनची भाषा वेगळी. ‘सांधा’ हा मधला दुभाष्या. तो आम्ही लिहिलेला नाही. तो ओपन सोर्स आहे. म्हणजे कुणीतरी लिहून सगळ्यांसाठी उघडा ठेवलेला. कुणीही वाचावा, फुकट वापरावा, दुरुस्ती सुचवावी. मात्र कोणती दुरुस्ती आत घ्यायची ते एकच माणूस ठरवतो. त्याला मेंटेनर म्हणतात. किल्ली त्याच्याकडे. त्यानं नवं व्हर्जन काढलं की पुढच्या अपडेटबरोबर ते लॅबमध्ये जाऊन बसतं. पारोळ्याच्या लॅबमध्येही आणि परदेशातल्याही.

नवा माणूस येतोय तर आधीच्या तक्रारी एकदा नजरेखालून घालाव्यात, म्हणून मी ‘सांधा’चं पान उघडलं. तिथली चर्चा सगळ्यांना दिसते. गेले काही महिने तीन जण एसवर तुटून पडले होते. एक ब्राझीलचा, एक पोलंडचा, एक केनियाचा. ‘आमची लॅब बंद पडलीय, तुम्ही झोपलात का?’ ‘जमत नसेल तर दुसऱ्याला द्या.’ आणि दर वेळी ल्यूकस मध्ये पडून म्हणायचा, ‘त्यांना त्रास देऊ नका, मी बघतो.’

तिघांनी आपापल्या मशीनचे लॉग जोडले होते. लॉग म्हणजे मशीन आणि कॉम्प्युटर काय बोलले त्याची नोंद. या नोंदीत सुरुवातीलाच मशीन आपला कारखान्यानं दिलेला नंबर सांगतं. तो प्रत्येक मशीनचा वेगळा असतो. इतकी वर्षं लॉग वाचून माझी नजर आधी तिथंच जाते. तिन्ही लॉगमध्ये नंबर एकच होता.

मी भाऊंना बोलावून दाखवलं.

“तीन देशांत एकच मशीन?” ते म्हणाले. “सेकंड हँड विकलं असेल.”

“एकाच आठवड्यात? ब्राझीलहून पोलंड, तिथून केनिया?”

भाऊ खुर्ची ओढून बसले. “म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?”

“ही तीन माणसं नाहीत. एकच कुणीतरी तीन नावांनी या एसला टोचतोय. आणि माणूस दमला की किल्ली घ्यायला ल्यूकस तयारच उभा आहे. ल्यूकसही त्यांच्यातलाच असावा.”

असले प्रकार हल्ली होतात. कुलूप फोडत बसण्यापेक्षा किल्लीवाल्याला थकवणं सोपं. एकदा किल्ली मिळाली की लॅबमधली पेशंटची सगळी माहिती काढून घेता येते किंवा रिपोर्टमधले आकडेसुद्धा फिरवता येतात. मला शुगरचा आकडा डोळ्यांसमोर आला. त्या आकड्यावर डॉक्टर इन्सुलिनचा डोस ठरवतो.

मी एसला मेल केली. उत्तर नाही. पुन्हा केली. नाही. तो शुक्रवार होता.

‘सांधा’बरोबर एक नमुन्याचा रिपोर्ट येतो. त्यावर पेशंटचं गाव दोंडाईचा लिहिलेलं आहे. ते मी पूर्वी पाहिलं होतं आणि कुणी खानदेशी माणसानं गंमत केली असेल म्हणून सोडून दिलं होतं. आता मी दोंडाईच्याच्या आमच्या एका लॅबवाल्यांना, भावसारांना फोन लावला आणि ‘सांधा’ लिहिणारं तिथलं कुणी माहीत आहे का, विचारलं.

“सुजाताताई ना?” भावसार लगेच म्हणाले. “मार्केट यार्डच्या मागं राहतात. पुण्याला मोठ्या कंपनीत होत्या. आई पडली, खुबा मोडला, तेव्हापासून इथंच आहेत. आमचं पहिलं मशीन त्यांनीच जोडून दिलं.”

“त्यांचा नंबर द्या ना.”

“देतो, पण त्या उचलत नाहीत हो फोन.”

खरंच उचलला नाही. शनिवारी सकाळी मी जळगावहून सुरतेकडे जाणारी गाडी पकडली. अमळनेर गेलं, शिंदखेडा गेलं. वाटेत मी तिला काय सांगायचं ते मनात जुळवत होते आणि प्रत्येक वेळी ते कुणाच्या पाठीमागे चुगली करावी तसं वाटत होतं. दोंडाईच्याला उतरले तर यार्डात मिरची आलेली. घर सापडेपर्यंत मला शिंका आवरेनात.

दार सुजातानंच उघडलं. चाळिशीची बाई, खांद्यावर टॉवेल, हाताला तेल. आईच्या पायाला मालिश चालली होती. मी नाव सांगितलं, कंपनीचं नाव सांगितलं.

“तुमच्या कंपनीच्या दोन मेल आल्यात मला इतक्या वर्षांत,” ती म्हणाली. “दोन्हींवर अर्जंट लिहिलेलं होतं. आता नव्या पाठवल्या असतील तर त्या मी उघडलेल्या नाहीत. मेल उघडणंच बंद केलंय.”

आतून तिच्या आईनं अहिराणीत विचारलं. “कोन शे वं?”

“जळगावच्या मॅडम आहेत, माई.”

“त्यास्ले बसाड. चहा कर.”

मी माईंच्या खाटेजवळच्या खुर्चीवर बसले. माईंनी मला नीट न्याहाळलं आणि आधी लेकीकडे, मग कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे बोट केलं. “बठ्ठा दिन त्या डबडामा दखत बसस. मनं ऐकत नही. तू सांग तिले.”

“आता नाही बसणार, माई. सोमवारपासून सुटले मी,” सुजाता म्हणाली. हसली, पण ते हसू दमलेलं होतं.

चहा घेताना ती बोलू लागली. ‘सांधा’ तिनं पुण्यात असताना हौसेनं लिहिला. पुढे तो जगभर गेला. वाढलं ते काम. त्यात हल्लीच्या एआयनं भर घातली. कुणीही उठतो, एआयला म्हणतो, या कोडमधल्या चुका शोध. एआय लांबलचक, सुंदर इंग्रजीत तक्रार लिहून देतं. “लिहिणाऱ्याचा एक मिनिटही जात नाही. ती खोटी आहे हे सिद्ध करायला माझी दुपार जाते. आणि खरी असली तर? म्हणून सोडताही येत नाही.”

मग मी बॅगेतून लॅपटॉप काढला आणि तीन लॉग शेजारी-शेजारी लावून दाखवले. नंबरावर बोट ठेवलं.

ती बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, चिडेल त्या लोकांवर. ती माझ्यावर चिडली.

“कुणाचा तरी लॉग कॉपी करून टाकला असेल. याचा ल्यूकसशी काय संबंध?”

“तिघांचं भांडण दर वेळी तोच मिटवतो.”

“कारण तो चांगला आहे!” तिचा आवाज चढला. “माईचं ऑपरेशन होतं तेव्हा तुमच्यापैकी कुणी विचारलं मला? त्यानं विचारलं. दर आठवड्याला विचारतो, आई चालायला लागली का, तू झोपतेस का नीट. तुम्ही सगळे फक्त काम मागायला येता. आणि त्यालाच तुम्ही चोर ठरवताय.”

ती उठली, माईंना गोळी दिली, उशी सारखी केली. परत आली तेव्हा जरा शांत होती.

“काय करायचं म्हणता?”

“त्याला लिही, किल्ली देते, पण एकदा व्हिडिओ कॉलवर ये. तुझ्यासमोरचं मशीन दाखव आणि चालू करून दाखव. एवढंच.”

तिनं लिहिलं. उत्तर लगेच आलं. कॅमेरा बिघडलाय. बरं, मग फोनवरून? प्रवासात आहे. मशीन दुसऱ्या गावी आहे. आणि चहाचे कप धुऊन होईपर्यंत पोलंडवाला चर्चेत हजर झाला: ‘सोमवार म्हणाला होतात, आता पुन्हा उशीर कशाला?’ व्हिडिओ कॉलची गोष्ट सुजाता फक्त ल्यूकसशी खाजगीत बोलली होती. उशीर होणार हे पोलंडला कळण्याचं कारणच नव्हतं.

सुजातानं ते वाचलं आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला. “त्यानं सुचवलेलं सगळं बघू,” म्हणाली. त्या क्षणापासून ती वेगळीच बाई होती. मी नुसती वाचत होते, ती धावत होती. ल्यूकसच्या दुरुस्त्या चांगल्या होत्या, स्वच्छ होत्या. पुढच्या व्हर्जनमध्ये जाणाऱ्या एका किरकोळ बदलापाशी मात्र ती थांबली. मशीनची नवी माहिती कुठून डाउनलोड करायची तो पत्ता त्यात होता. पत्ता ‘सांधा’चाच वाटत होता, फक्त एक अक्षर वेगळं. तो पत्ता आम्ही उघडून पाहिला. तिथं काहीच नव्हतं. गाळा भाड्यानं घेऊन शटर ओढून ठेवावं तसं. किल्ली हातात आल्यावर त्यात माल भरायचा बेत असणार.

“हे मी वाचून पास केलंय,” ती हळूच म्हणाली. “त्यानंच केलंय म्हणून भरभर वाचलं.”

तिनं तो बदल काढून टाकला, ल्यूकसचे सगळे हक्क बंद केले आणि झालेला प्रकार जसाच्या तसा चर्चेत लिहिला. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. ती मात्र टॉवेलात तोंड खुपसून रडायला लागली.

“फसवायला का होईना,” ती म्हणाली, “पण त्यानं विचारलं तरी.”

माई खाटेवरून काहीतरी पुटपुटल्या आणि तिचा हात धरून बसल्या. मी बाहेर ओट्यावर येऊन भाऊंना फोन लावला.

सगळं ऐकून भाऊ म्हणाले, “वाचलो. आता एक करू. एआयला सांगून आपला स्वतःचा सांधा लिहून घेऊ. ही कटकटच नको.”

“लिहून देईल तो. पण शिरपूरचं मशीन सोमवारी चुकीचा आकडा दाखवायला लागलं तर का दाखवतंय ते कोण शोधणार?”

“तुम्ही.”

“मग तेच काम मी इथं करते. हिच्याबरोबर. ऑफिसच्या वेळात.”

भाऊंनी बहुधा मनात हिशेब केला. शेवटी म्हणाले, “त्या बाईंना विचारा, त्यांना काय हवंय.”

मी आत जाऊन विचारलं. मला वाटलं होतं, म्हणेल पगार द्या, माणसं द्या. सुजाता म्हणाली, “मला हे सोडायचंय. राग नाही, पण सोडायचंय. नीट हातात सोडता येईल असं कुणीतरी द्या.”

तसंच झालं. पुढचे काही महिने मी आणि आमची एक सहकारी तिच्याकडून शिकत होतो. तक्रारी आम्ही आधी गाळायचो, तिच्यापर्यंत फक्त खऱ्या पोहोचायच्या. पुण्याच्या एका लॅब-सॉफ्टवेअर कंपनीतले एक गृहस्थही आले, कॅमेऱ्यासमोर, मशीनसकट. आता किल्ली तिघांत आहे आणि दोघांनी हो म्हटल्याशिवाय नवं व्हर्जन निघत नाही. सुजाता बाहेर पडली ती खरंच पडली. दोंडाईच्यात ती कॉलेजच्या मुलींना कोडिंग शिकवते. ‘सांधा’चं काही विचारलं तर सांगते, पण आपणहून विषय काढत नाही. माई वॉकर घेऊन अंगणापर्यंत जातात.

ल्यूकस कोण होता, शेवटपर्यंत कळलं नाही. चारही खाती त्या शनिवारीच गायब झाली.

कंपनीत त्यावर मीटिंग झाली. आपण आणखी कुणाकुणाचं फुकट वापरतो ते शोधायचं ठरलं, आणि त्या लोकांशी वर्षातून एकदा तरी बोलायचं, कामाशिवाय. पहिला फोन मी लावला. रिपोर्टची पानं छापायचा प्रोग्रॅम लिहिणारे एक म्हातारे गृहस्थ, दूरच्या देशातले. मी सांगितलं, आम्ही भारतातून बोलतोय, तुमचा प्रोग्रॅम रोज वापरतो.

“काय बिघडलंय?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. तुम्ही कसे आहात, एवढंच विचारायला फोन केला.”

मग ते म्हणाले, “मी अशा फोनना फसत नाही,” आणि त्यांनी फोन ठेवला.

मला बरं वाटलं. किल्ली सांभाळणाऱ्या माणसानं असंच असावं. फक्त आता त्यांची विचारपूस कशी करायची, हे कोडं आम्हाला अजून सुटलेलं नाही.