पुलाच्या साहेबाचं नाव

आम्हा किरिस्तावांत थोरल्या मुलाला आज्याचं नाव ठेवायची रीत. म्हातारा मेला तरी त्याचं नाव घरात हिंडतंफिरतं राहतं. ही रीत मी मोडली. कुणी जबरदस्ती केली नव्हती, अक्कल माझीच.

तेव्हा मी ठाण्याच्या खाडीवरच्या रेल्वेपुलाच्या डागडुजीवर होतो. मोजणीची साखळी धरायची आणि साहेब सांगेल तिथे उभं राहायचं. आमच्या पिढ्या मिठागरात राबलेल्या; टाचांना भेगा आणि भेगांत मीठ. कोरड्या पायांनी उभं राहूनही पोट भरतं हे मला त्या पुलावर कळलं. साहेबाची मडम त्याला एडविन म्हणून हाक मारायची. एकदा तो खुशीत दिसला तेव्हा मी विचारलं, या नावाचा अर्थ काय? म्हणाला, फार जुनं नाव आहे. पहिला तुकडा म्हणजे दौलत, दुसरा म्हणजे मित्र. हजार-बाराशे वर्षांपूर्वी त्यांचा एक राजा या नावाचा होता. पुढे शेकडो वर्षं कुणी ते फारसं ठेवलंच नाही. आता मात्र विलायतेत जो तो ठेवतो; त्याच्या शाळेत एका वर्गात चार होते. हे सांगून तो हसला. ते हसणं मी ऐकायला हवं होतं. पण माझे कान दौलतीपाशीच अडकले होते.

त्याच वर्षी मला मुलगा झाला. माझा बापूस मिठागरातून आला, पाय धुतले आणि पोराला मांडीवर घेऊन म्हणाला, "झालं, माझं नाव लागलं मार्गाला." छातीच्या दुखण्याने तो तेव्हाच अर्धा झाला होता. मी त्याला तोंडावर सांगितलं, "बाबा, तुमचं नाव नाही ठेवायचं. पोर्तुगीज फिरंग्यांच्या वेळच्या नावाने पोरगा चिखलातच राहील. साहेबाचं नाव असलं तर साहेबाच्या कचेरीचं दार उघडेल."

त्याने पोराला उचलून माझ्या हातात दिलं. मग म्हणाला, "बरं. दुसऱ्याला तरी ठेव."

हो म्हणालो. दुसरा मुलगा झालाच नाही. दोन मुली झाल्या, आणि धाकटी व्हायच्या आत बापूस गेला.

बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीही आधी अडून बसला. साहेब दुसऱ्या पंथाचा, त्याला पोराचा धर्मबाप करता येणार नाही, आणि संताचं नसलेलं नाव मी देणार नाही, म्हणाला. मग त्याने संतांची पोथी काढली आणि तो जुना राजाच संत निघाला. पाद्रीने तोंड वाकडं करून पोराच्या डोक्यावर पाणी ओतलं. साहेबाने बिस्किटांचा एक डबा पाठवला.

त्या डब्याने गावाला खूळ लावलं. पुढच्या वर्षी चुलतभावाने तेच नाव ठेवलं, मग शेजाऱ्याने, मग खाडीपलीकडच्या पाहुण्यांनी. संध्याकाळी एखादी बाई दारातून हाक मारायला लागली की चार घरांतली पोरं "काय?" म्हणून ओरडायची. मग विहिरीवरचा एडविन, तिरळा एडविन अशी वाटणी झाली. मी छाती काढून फिरायचो, कारण सुरुवात माझी. साहेब मात्र माझा पोरगा नीट चालायला लागायच्या आतच विलायतेला गेला तो गेलाच.

पोरगा मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकला. इंजिनावर चढायचं, आधी कोळसा मारायचा आणि मग ड्रायव्हर व्हायचं, एवढंच त्याच्या डोक्यात. अठराव्या वर्षी तो कल्याणच्या इंजिनांच्या यार्डात गेला. बरोबर गावचे आणखी तिघे, तिघेही त्याच नावाचे. तिथल्या साहेबाने चौघांचे दाखले ओळीने वाचले आणि पोट धरून हसला. इंजिनावर गोरी आणि अर्धगोरी पोरंच घेतात, हे मला अठरा वर्षांत कुणी सांगितलं नाही, की मीच विचारलं नाही, देव जाणे. चौघांना कोळशाच्या ढिगावर घातलं. साहेबाच्या नावाने हमालाला शिव्या कशा घालायच्या, म्हणून मुकादमाने नंबरांचे पितळी बिल्ले दिले आणि त्याच नंबरांनी हाका मारायला लागला. माझा पोरगा बेचाळीस झाला.

"सोड ते, घरी ये," मी म्हणालो.

"घरी येऊन काय करू? मिठागरात जाऊ?" तो म्हणाला. पंधरा वर्षं शाळेची वाट दाखवताना मीच त्याला मिठागराची किळस शिकवली होती.

तो तिथेच राहिला. रविवारी घरी येतो, काळं खोकतो, भिंतीला टेकून बसतो. शेजारीण माझ्या बायकोला म्हणाली, "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा." बायको भांडली नाही. भांडायला काही उरलं होतं कुठे?

परवाच्या रविवारी बायकोने त्याला एडविन म्हणून जेवायला हाक मारली. एकदा, दोनदा, तीनदा. तो हाताच्या अंतरावर होता, जागा होता, आणि मान वर करत नव्हता. ती खांद्याला हात लावायला गेली तेव्हा म्हणाला, "मला बोलावत होतीस?" रागाने नाही. त्याला खरंच कळलं नव्हतं.

माझ्या बापसाचं नाव तेव्हा माझ्या ओठांपर्यंत आलं. पण ते मी कुठल्या तोंडाने घ्यायचं? मी उठून बाहेर गेलो. आता तो दारात आला की मी नुसतं "आलास?" म्हणतो.