अंबुजा अत्त्याचा जबाब

अप्पांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, एडिटिंगच्या खोलीत, काम उघडून बसले होते. सकाळचे साडेदहा वाजले असतील. कामाच्या वेळी अप्पा कधी फोन करत नाहीत, म्हणून लगेच उचलला. "तुळजा, अत्त्या गेली," ते म्हणाले. आणि मी काय विचारावं? "कोठें?" त्यात माझी फारशी चूक नव्हती. एकाहत्तराव्या वर्षीही अत्त्या सारखी कुठे ना कुठे गेलेलीच असायची. कधी टाउन बस पकडून तिरुवैयारूला गाणं ऐकायला, कधी ओरत्तनाडूला मैत्रिणीच्या नातवाच्या बारशाला. अप्पा हळूच म्हणाले, "कोठें म्हणजे... गेली गे." सकाळची कॉफी पिऊन ती पेपर घेऊन खुर्चीत बसली होती. पेपर मांडीवर तसाच राहिला. त्रास झाला नसावा असं डॉक्टर म्हणाले. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. आता कुठे तिच्याविषयी लिहिता येईल असं वाटतंय. आणि गंमत अशी की लिहायला बसलं की रडू येत नाही, हसूच येतं.

अंबुजा अत्त्या म्हणजे माझ्या अप्पांची, वडिलांची, थोरली बहीण. आम्ही तंजावूरचे मराठी. कित्येक पिढ्यांपासून तिकडेच आहोत. घरात मराठी बोलतो, पण ती आमची जुनी मराठी, 'मज' आणि 'तुज' असलेली, आणि तिची चाल तमिळ. लिहितो-वाचतो तमिळ. देवनागरी मी पुण्याला आल्यावर दुकानांच्या पाट्या वाचून शिकले. अत्त्याला ती शेवटपर्यंत आली नाही. तिनं लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे कुणी विचारलंच तर "सुटी मिळाली नाही" असं सांगायची. तीस वर्षं ती कोर्टात टायपिस्ट होती. साक्षीदारांचे जबाब टाईप करणं हे तिचं काम. चोऱ्या, मारामाऱ्या, बांधावरून झालेले खून, सगळं तिच्या बोटांखालून गेलेलं. गोलमटोल, हसऱ्या चेहऱ्याची, केसांत सदैव मोगरा माळलेली ही बाई किती खुनांची माहिती बाळगून आहे, हे भाजीवाल्याला कळलं असतं तर त्यानं वजन करताना काट्याकडे जास्त नीट पाहिलं असतं.

मी तंजावूरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते, तेव्हाची ही गोष्ट. विषय होता चित्रपट आणि माध्यमं. अप्पांनी तो घेऊ दिला होता एकाच अटीवर: पदवी झाली की बँकेच्या परीक्षा. क्लासमध्ये नावही घालून झालं होतं. मला मात्र पुण्याला जाऊन एडिटिंग शिकायचं होतं, आणि ते अप्पांना सांगायचा धीर नव्हता; ठाऊक होतं फक्त अत्त्याला. त्याच सुमारास सरांनी काम दिलं: क्राईम थ्रिलरची फक्त सुरुवात बनवा. दोन मिनिटं. पुढचा सिनेमा नको, पण तो बघायची इच्छा झाली पाहिजे. मी आणि माझी मैत्रीण सेल्वी, दोघींचा गट. सेल्वी कॅमेऱ्यावर. मी जोरदार पटकथा लिहिली. तिरुवैयारूचा पूल, काळं हेल्मेट घातलेला माणूस, मोटारसायकलवरून पाठलाग, नदीत पडणारी बॅग. कॉलेजचा कॅमेरा शनिवार-रविवारपुरताच मिळाला होता, सोमवारी सकाळी परत करायचा. आणि शुक्रवारी संध्याकाळी हेल्मेटवाल्या मुलाचा निरोप आला की कबड्डी खेळताना त्याचा पाय मोडला.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी तोंडं पाडून अत्त्याकडे गेलो. पश्चिमेकडच्या एका गल्लीत तिचं दोन खोल्यांचं घर, पुढे बसायला तिण्णै म्हणजे दगडी ओटा, मागे नळ आणि केळीची दोन झाडं. ती बीटरूट चिरत होती. म्हणाली, "वाच बघू तुझा खून." मी वाचला. सेल्वीसाठी तमिळमध्येच लिहिला होता. अत्त्यानं मन लावून ऐकला, सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "हा खून नाही गे. ही मोटारसायकलची जाहिरात आहे."

मला राग आला. मग खरा खून कसा असतो ते सांग, म्हटलं. तिनं जे सांगितलं ते माझ्या सगळ्या शिक्षणात मला कुणी सांगितलं नाही. म्हणाली, "तीस वर्षं टाईप केलं मी. खून एका ओळीत होऊन जातो. उरलेली चाळीस पानं दुसरंच असतं. सकाळी काय रांधलं, दार कोणी उघडलं, चप्पल कोठें होती, कापडं वाळत कोणी घातली. माणूस मारून आलेली बाईसुद्धा दूध उतू जायच्या आधी गॅस बंद करते. मज त्याचंच भय वाटायचं. पाठलागाचं नाही."

सेल्वीला मराठी येत नाही, पण मी भाषांतर करायच्या आधीच तिनं कॅमेरा बाहेर काढला होता. ठरलं असं की एक बाई भर दुपारी आपल्या घरात रोजची कामं करतेय, शांतपणे, आणि त्या शांतपणात काहीतरी भयंकर आहे. बाई कोण, हा प्रश्नच नव्हता. अत्त्या म्हणाली, "हात दाखवीन. तोंड दाखवणार नाही. मज हसू आवरायचं नाही." तिचं खरंच होतं. पहिल्याच शॉटमध्ये तिनं असे दात काढले की कॅमेरा हातांवरच ठेवणं भाग पडलं. पण ते हात! बोटं जाड आणि बुटकी, पण एकही हालचाल वाया जात नव्हती. तांदूळ निवडले, ओटा पुसला, ताक घुसळलं. मी मात्र हट्ट धरला की थ्रिलर आहे तर प्रेत हवंच. मग अत्त्यानं एक लोड आणि त्याच्या टोकाला भोपळा ठेवून जुन्या चादरीत गुंडाळून दिला, आणि मागच्या अंगणात नळाखाली बीटरूटची सुरी धुवायला बसली. लाल पाणी मोरीकडे वाहू लागलं. सेल्वी जोरात म्हणाली, "अजून एकदा करा, अम्मा. प्रेत नीट दिसत नाहीये, जरा पाय ओढून घ्या त्याचे."

कुंपणापलीकडे शेजारच्या पंकजम मामी कपडे वाळत घालत होत्या, हे आम्हाला माहीत नव्हतं.

अर्ध्या तासानं दारावर थाप पडली. मी उघडलं तर कॉन्स्टेबल. तो आत पाहतच होता एवढ्यात अत्त्या हात पुसत पुढे आली, आणि तो चपापून सरळ उभा राहिला. कोर्टात साक्षीला येऊन येऊन तो तिला ओळखत होता. "अम्मा, तुम्ही? तक्रार आलीय... या घरात खून झाला म्हणून."

"झालाय," अत्त्या म्हणाली. "पण अजून मनासारखा झालेला नाही. बसा."

त्याला भोपळा दाखवला. तो हसला, पण पेचातही पडला. तक्रार नोंदवली गेली होती, आता तिचा निकाल कागदावर लागायला हवा होता. आणि तोपर्यंत कॅमेरा चौकीत न्यावा लागेल, असं तो चाचरत म्हणाला. कॅमेरा गेला असता तर सोमवारी काय परत करणार होतो? सेल्वी रडायला लागली. मी अत्त्याकडे पाहिलं. ती आतल्या खोलीत गेली, टाईपरायटरवरचं कापड काढलं, कागद चढवला आणि म्हणाली, "जबाब पाहिजे ना? लिहून देते." आणि टाईप करता करता तिच्या सवयीनं मोठ्यानं वाचू लागली. कोर्टातला तो सपाट, थंड आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. "मी, अंबुजाबाई, वय त्रेसष्ट, निवृत्त टायपिस्ट, राहणार वरील पत्त्यावर, सत्य सांगते की आज सकाळी अकराच्या सुमारास मी माझ्या घरी स्वयंपाक करत होते. घरात दोन मुली होत्या. मागचं दार उघडं होतं. मी सुरी धुतली. चादरीत जे होतं, तो भोपळा होता. सदर भोपळ्याशी माझं पूर्वीचं वैर नव्हतं."

कॉन्स्टेबलनं तो कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला, कॉफी प्यायला आणि निघून गेला. पंकजम मामींकडे अत्त्या स्वतः जाऊन आली, जाताना बीटरूटची भाजी घेऊन. मामी घाबरून ती खाईनात, म्हणून अत्त्यानं त्यांच्यासमोर आधी स्वतः दोन घास खाल्ले. दोघी इतक्या हसल्या की आम्हाला इकडे ऐकू येत होतं. पण परत आल्यावर ती टाईपरायटरसमोर नुसतीच बसून राहिली. कार्बन कागदाखालची दुसरी प्रत तिच्या हातात होती. म्हणाली, "तीस वर्षं रोज 'मी' टाईप केलं, तुळजा. मी अमुक, मी तमुक... ते सगळं 'मी' दुसऱ्याचं. माझं आजच झालं." मग स्वतःशीच हसून, "आणि झालं ते भोपळ्यावरून!"

रडता रडता सेल्वीनं कॅमेरा बंद केलाच नव्हता. जबाब सगळा टिपला गेला होता. रविवारी दिवसभर आम्ही कॉलेजच्या लॅबमध्ये बसून तो आवाज हातांच्या दृश्यांवर लावला. सगळं बसत होतं, पण शेवट होत नव्हता. भोपळा आला की हसू यायचं, आणि भोपळा काढला तर वाक्य लंगडं व्हायचं. शेवटी मी 'चादरीत जे होतं' इथेच कापलं. एक श्वास ऐकू येतो, आणि पडदा काळा. कापून झाल्यावर अंगावर काटा आला. त्या क्षणी मला कळलं की मी बँकेत जाणार नाही.

सोमवारी वर्गात दोन मिनिटं कुणी हललं नाही. दिवे लागले तेव्हा सर म्हणाले, "पुढे काय होतं?" मागून सेल्वी म्हणाली, "सांबार, सर."

पण खरी परीक्षा अप्पांची होती. अत्त्यानंच त्यांना घरी बोलावून लॅपटॉपवर ते दाखवलं. मी स्वयंपाकघरात दाराआड उभी. बघून झाल्यावर अप्पा म्हणाले, "अक्का, असा आवाज काढून तू मजशी कधी बोलली नाहीस."

"तुझ्याविरुद्ध माझं कधी काही नव्हतं," अत्त्या म्हणाली. "आता आहे. पोरीस पुण्यास जाऊ दे."

अप्पांनी चपला घातल्या आणि निघून गेले. चार दिवस त्यांनी तो विषय काढला नाही. पाचव्या दिवशी, जेवताना, ताटातून मान वर न करता त्यांनी विचारलं, "पुण्यास थंडी फार पडते काय? स्वेटर तंजावुरात चांगला मिळत नाही."

पुढच्या आठ वर्षांत अत्त्या एकदाच पुण्याला आली. माझ्या एडिटिंगच्या खोलीत तासभर शांत बसली. सगळी मराठी माणसं 'मला, मला' करतात याची तिला मोठी मौज वाटली. रिक्षावाल्याशी ती आमच्या मराठीत बोलली, तर तो अदबीनं म्हणाला, "आजी, तुम्ही कीर्तनकार का?" हे तिनं तंजावूरला जाऊन किती जणांना सांगितलं याला गणती नाही. शेवटची भेटली ती यंदा पोंगलला. मला बसपर्यंत पोचवायला आली, आणि बस सुटायच्या आधीच निघून गेली. "मज घरी काम आहे," म्हणाली.

ते काम काय, हे मला तिच्यामागे कळलं. मी पुण्याला आल्यानंतर दुपारी तीनपासून ती घराच्या पुढच्या खोलीत बसायची आणि आजूबाजूच्या गावांतली माणसं तिच्याकडे अर्ज लिहून घ्यायला यायची. रेशनकार्डातलं नाव, थांबलेलं पेन्शन, सातबाऱ्यासारखे आमच्याकडचे जमिनीचे कागद. तेरावा झाला तरी माणसं येतच राहिली. कुणाला कळलंच नव्हतं, आणि कुणी कळूनही आलं होतं, कारण दुसरीकडे कुठे जायचं हे त्यांना माहीत नव्हतं. घर आवरायला गेलेले अप्पा आता रोज तीन वाजता तिथे जाऊन बसतात. त्यांना टाईप येत नाही, हातानं लिहितात. माणसांशी बोलायची त्यांना जन्मात सवय नाही. परवा त्यांनी स्वतःहून मला फोन केला.

"आज एक म्हातारी आली," म्हणाले. "मी कागद घेतला, म्हटलं, नाव सांगा. ती बोलेचना. म्हटलं, वय सांगा. नुसती बघते. शेवटी म्हणाली, 'बाई असं विचारायच्या नाहीत. त्या आधी पाणी द्यायच्या.'"

"मग?"

"मग काय... उठलो. पाणी दिलं. ती प्यायली. आणि सगळं सांगितलं गे तिनं. पाच वाजून गेले, तरी सांगत होती."