बिबट्याची वारस नोंद

अख्ख्या मुळशी तालुक्यात बिबट्याचं लायसन मागणारी एकच बाई झाली, आणि ती बायको म्हणून माझ्या पदरात पडली. तिच्यासंगं मी शेवटचं साधं काम केलं ते म्हणजे पौडच्या एसटी स्टँडवर एक वडापाव निम्मा-निम्मा खाल्ला. मोठा तुकडा तिनं घेतला. म्हणाली, "बोलायचं काम मी केलं. तुमी नुसतं खुर्चीला टेकून व्हता." खरंच होतं ते. मी चौथीपर्यंत गेलेला, तिनं शाळेची पायरी चढली नाही, पण हापिसात बोलायचं म्हटलं की मी मुका आणि ती वकील.

आमच्या म्हातारीचा कागदावर फार जीव. वाचता येत नव्हतं, म्हणून जास्तच. शेळ्यांना लस दिल्याच्या चिठ्ठ्या, रेशन कार्ड, लेकाच्या लग्नाची पत्रिका, सगळं एका पिशवीत घालून कणगीमागं ठेवलेलं. शिक्का असेल तो कागद खरा, बाकी सगळी रद्दी, असा तिचा कायदा. दुसरा नाद पाण्याचा. घरामागं डोंगराच्या अंगाला ढोरांना पाणी पाजायची जुनी दगडी डोणी आहे. ढोरं विकून वर्षं झाली, तरी ही रोज दिवस कलला की दोन हंडे डोक्यावर नेऊन डोणी भरायची. का, तर डोंगरातलं जनावर रात्रीचं खाली येतं, पाणी पितं आणि आल्या वाटेनं जातं. "तहानेलं जनावर दारं हुडकतं. पाणी पिलेलं घरला जातं," म्हणायची. एकदा त्यानं आमचं कुत्रं नेलं. मी कुऱ्हाड काढली, तर ही आडवी. "कुत्रंच आगाव व्हतं. परवा तुमाला न्हाई का चावलं?" त्याचं नाव मात्र ती कधी घेत नसे. नाव घेतलं की येतो, असं आमच्याकडं मानतात. माझंही नाव तिनं जन्मात घेतलं नाही, म्हणजे आम्ही दोघं तिच्या एकाच खात्यात. फरक एवढाच, की डोणीपाशी उभी राहून डोंगराकडं तोंड करून "अवं, पानी भरलंय बरं का," असं ज्या गोडीनं म्हणायची, त्या गोडीनं मला कधी जेवायला बोलावलं नाही.

असं निवांत चाललेलं असताना खालच्या बंगल्यातल्या सायबानं तक्रार ठोकली. शनिवार-रविवार येणारा माणूस. त्याच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत परदेशी अजगर आहे, त्याला दिवा लावून ऊब देतात. त्या अजगराचा रीतसर कागद आहे. तर या सायबानं लिहून दिलं, की शेजारची बाई धोकादायक वन्यप्राणी विनापरवाना पाळते. जंगलखात्याचा गार्ड नोटीस घेऊन आला, वाचून दाखवली. पंधरा दिवसांत डोणी कोरडी करा, नाहीतर केस होईल, आणि तक्रार थांबली नाही तर पिंजरा लावून जनावर उचलावं लागेल. मी डोणी उपसायला तांब्या शोधू लागलो. म्हातारी हरखून गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावानं सरकारी कागद आला होता. तिनं नोटीस देव्हाऱ्यात ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, "बघा, सरकारच म्हनतंय मी पाळते. आता फकस्त लायसन काढायचं ऱ्हायलं."

पहिल्यांदा तलाठ्याकडं गेली. म्हणाली, सातबाऱ्यावर इतर हक्कात त्याला लावा. "माज्या सासूच्या आदीपासनं वहिवाट हाय त्याची. कूळ हाय ते. कुळाला उठवता येत न्हाई." तलाठी म्हणाला, "आजी, कुळाचं नाव काय लावू?" ही म्हणाली, "नाव घेत न्हाईत त्याचं." तलाठ्यानं हात जोडले आणि जंगलखात्याच्या हापिसाचा रस्ता दाखवला.

तिथं पाच खेपा झाल्या. तिथला सायेब पोरसवदा, भला होता. "आजी, बिबट्याचं लायसन कुणालाच मिळत नाही."

"मंग मी पाळत न्हाई असं लिवून द्या."

"तेही देता येत नाही. तुमच्यावर तक्रार चालू आहे."

"मंग त्यो कुनाचा?"

"शासनाचा."

"मंग शासनानं पानी पाजावं की! मी उगं हंडे व्हाते व्हय?"

 पाचव्या खेपेला सायबानं स्वतःच अर्ज लिहून घेतला. जनावर कुठून आणलं? "तुमच्याच जंगलातनं आलं." पिंजरा केवढा? "आख्खा डोंगर." खायला काय देता? "त्याचं त्यो बघतो. आमच्या ह्यांच्यापरीस बरा." सगळं हापिस हसलं. मीही हसलो, काय करता. कारकुनानं शेवटी अर्जावर शिक्का मारून पोच दिली आणि म्हणाला, "आजी, अर्ज विचाराधीन आहे." हा शब्द तिनं गाठीला बांधून घेतला.

स्टँडवर वडापाव खाताना तो कागद तिनं चारदा काढून पाहिला. "आता उत्तर येईस्तवर डोणी भरायची आन् कुनी हात लावायचा न्हाई. विचाराधीन हाय." मग एकदम म्हणाली, "माज्या माघारी कोन भरंल वो?"

मी म्हणालो, "मी तर न्हाई. माजं काय नातं त्याच्याशी?"

"भाऊच लागतो तुमचा. दोगंबी न सांगता येता, न सांगता जाता, आन् भांडं भरलेलं पायजे दोगांला."

एसटी आली म्हणून उत्तर द्यायचं राहिलं.

घरी आल्याबरोबर तिनं दोन हंडे नेऊन डोणी भरली. "जरा पाठ टेकते," म्हणून ओट्यावर पडली. मी चुलीवर चहा ठेवला. जन्मात तिसऱ्यांदा ठेवला असेल. कप घेऊन बाहेर आलो, तर न सांगता जाणारी तीच निघाली.

सकाळी लोक जमले. लेक-सून रात्रीतच सूस गावावरनं आले होते. तिला न्हाऊ घालायला पाणी तापत होतं, बाया रडत होत्या, पुरुष लाकडांचं बोलत होते, आणि मला कुणी काही काम सांगेना. मी मागं गेलो. डोणी निम्मी झाली होती. काठाच्या ओल्या मातीत त्याचे पंजे उठले होते, रोजच्यासारखे. त्याला कुणी कळवलंच नव्हतं. तिचंच पाणी पिऊन गेला होता तो.

मी हंडा उचलला. तिला दोन लागायचे, मला चार खेपा पडल्या. अर्धं पाणी धोतरावर सांडलं. शेवटच्या खेपेला सून पदरानं डोळे पुसत मागं आली. "मामा, सगळी तुमाला हुडकत्यात. ह्ये काय करताय तुमी?"

मी हंडा पालथा केला आणि म्हणालो, "वारस नोंद."