टी.बी.तले कानिफनाथ

नेवाशाला रस्त्याच्या कडेला सरकारी बंगला होता. दौऱ्यावरचे साहेब तिथं उतरायचे. गावाला तो नुसता बंगला. कचेरीतली माणसं मात्र ट्रॅव्हलर्स बंगला म्हणायचा कंटाळा करून टी.बी. म्हणायची. कानिफनाथ तिथले खानसामा. अंगानं काडी. दुसऱ्याला जेवू घालणाऱ्याच्या अंगी अन्न लागत नाही, असं त्यांची बायको छबूबाई म्हणे.

बहात्तरच्या दुष्काळात साहेबांची ये-जा वाढली, आणि त्यातच कानिफनाथांच्या मुलीचं, चांगुणाचं, लग्न निघालं. स्थळ काष्टीचं, मुलगा मच्छिंद्र, वायरमन. मध्यस्थ कचेरीतले हेमचंद्र कारकून. त्यांनी मुलाच्या आईला, लंकाबाईंना, सांगितलं, "मुलीचे वडील टी.बी.त आहेत. बरीच वर्षं झाली."

लंकाबाईंची थोरली बहीण टी.बी.च्याच दुखण्यानं गेलेली. मच्छिंद्रला टी.बी. म्हणजे बल्ब तपासायचा टेस्ट बोर्ड. तो म्हणाला, "बरंय की, आपल्याच लाईनीतले हायेत." त्याला कुणी विचारलं नव्हतं.

बघायला आलेल्या मंडळींनी चहालासुद्धा हात लावला नाही, आणि मागून नकार कळवला. अशा वेळी कारण सांगत नाहीत, आणि मुलीकडच्यांनी विचारायचं नसतं. पोरगी पसंत पडली नाही, असं कानिफनाथांनी धरलं. चांगुणानं आरसा पालथा घातला.

इकडं लंकाबाईंचं मन खात होतं. सोयरीक नाही तर नाही, पण दुखणाईताला बघून यावं, आणि रिकाम्या हातानं जाऊ नये. टोपलीत अंडी घेऊन त्या एस.टी.नं नेवाशाला उतरल्या. कानिफनाथांचा पत्ता विचारल्यावर कुणी बंगला दाखवला; तो बघून त्यांना वाटलं, दवाखाना ऐसपैस आहे.

कानिफनाथ चुलीपुढं खोकत होते.

"अंडी आनलीत, दादा. दुधातनं घेत जा."

नकाराबरोबर अंडी द्यायची काष्टीची रीत असेल, असं कानिफनाथांना वाटलं. पाहुण्यानं आणलेलं आधी पाहुण्यालाच वाढायचं, ही खानसाम्याची सवय. त्यांनी कांदा घालून आम्लेट टाकलं. लंकाबाई सकाळपासून उपाशी होत्या.

खाऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "एवढ्या दुखन्यात चुलीपुढं कशाला बसावं?"

"कोन आजारी हाय?"

"तुमी. टी.बी.त हाय म्हनं."

"व्हय. तुमीबी हाय. ही काय टी.बी., तिच्या सैपाकघरात बसलाय."

लंकाबाईंनी छपराकडं बघितलं, मग ताटलीकडं. ताटली रिकामी होती. लग्न ठरल्याबिगर मुलीकडचा घास गिळायचा नाही, अशी त्यांच्या घराची रीत.

"खाल्लं की मी," त्या म्हणाल्या.

"मी कुनाला सांगत न्हाई, बाई."

"सांगा. चांगुणाच्या आईला म्हनावं, तारीख काढा." त्यांनी ताटली पुढं सरकवली. "आन अजून एक टाका. कांदा जरा जास्ती."