फाइव्ह फूट नथिंग

आमच्या करंजाड्यात जमुनाबाई मासळी विकते. उंची पाच फूट. मी पाच फूट दोन, त्यामुळे तिच्याशी बोलताना उगाच ताठ उभा राहतो. गावच्या शाळेत गुरुजी उंचीप्रमाणे रांग लावायचे, तेव्हा मी कायम पहिला. पोरगा हुशारीत पहिला नाही, हे आमच्या आईला कळेपर्यंत मी चौथीत गेलो होतो. असो, सांगत होतो जमुनाबाईचं.

पूर्वी ती वळणावर टोपली घेऊन बसायची. तिची हाक आमच्या चौथ्या मजल्यावर यायची. मग मंडई झाली. फरश्या, नळ, दिवे आणि छातीएवढे ओटे. जमुनाबाईला ते हनुवटीला लागले. त्यात ती मासळी कापते खाली बसून, विळी पायाखाली दाबून. उभ्यानं सुरी चालवायला तिचा हात वळत नाही. कापायला बसली की बाई गायब! ओट्यावर पापलेटं मांडलेली, मागे कोणी नाही. गिऱ्हाईक जरा घुटमळायचं आणि पुढे जायचं. शेजारची गोजरा सुकट-बोंबील विकते, उभ्यानं, आणि आहे चांगली उंच. तिच्याकडे गर्दी.

"अगं, हाक मार की पहिल्यासारखी," मी म्हणालो.

"यवऱ्या चकाचक जागंन वरडू? टावरवाली लोका काय बोलतील, आबा?" ती म्हणाली. "महिना भरला की वटा परत देतंय."

म्हणजे पुन्हा रस्ता, आणि आता तिथे बसूही देत नाहीत.

घरी येऊन मी हे सांगितलं तर आमची नात अर्पिता लगेच रंग-ब्रश घेऊन बसली. कॉलेजात इंग्रजी शिकते. पाटीवर तिनं मोठ्या अक्षरात लिहिलं, 'जमुना. फाइव्ह फूट नथिंग.'

"नथिंग? बाईला शून्यात काढतेस होय?" मी उसळलो.

"आबा, पाच फूट आणि वर एक इंचही नाही, असं गमतीनं म्हणतात. पण नुसतं एवढंच लिहून थांबलं तर टोचतं. पुढे 'बट' लागतो. एवढीशी आहे, पण... त्या 'पण'साठीच तर सगळं."

पाटी अर्धी तशीच घेऊन आम्ही मंडईत गेलो. जिची उंची, तिला विचारायला नको? अर्पितानं अर्थ सांगितला. जमुनाबाईनं पदराला हात पुसले.

"पाच फूट, वर काय नाय. खरा हाय. मंग पन काय?"

अर्पितानं तिथेच ओट्यावर पाटी टेकवून पुढचं लिहिलं, 'बट वेट टिल यू हिअर हर.' मी वाचून अर्थ लावला, "पण तिचा आवाज ऐकेपर्यंत थांबा."

"अगो बाय! आता मना वरडावा लागंल!"

"नाहीतर पाटी खोटी पडेल," मी म्हणालो.

रविवारी पाटी ओट्याच्या पुढच्या बाजूला टांगली. एक ताडमाड तरुण आला. वाचून हसला आणि खरंच थांबला, हाताची घडी घालून. जमुनाबाई खाली विळीशी. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पापलेटांकडे पाहिलं. गोजराही बोंबील धरून थांबली.

आणि मग ओट्याखालून आली हाक: "आयला गो, ताजा जितारा आयला!"

तरुण दोन पावलं मागे सरला. पलीकडचा कोंबडीवाला बाहेर येऊन बघू लागला. मला तर आमचा चौथा मजला आठवला. त्या पोरानं जिताडा घेतला, वर मोबाईलवर आणखी एक हाक भरून मागितली. जमुनाबाईनं दिली, अगदी फुकट.

महिना भरला, ओटा तिचाच आहे. आता मंडईत शिरणारे आधी ओट्यामागे डोकावतात आणि "जमुनाताई, हाक!" म्हणतात.

परवा गोजरा अर्पिताला म्हणाली, "मनापन एक पाटी दे ना लिवून."

ओट्याखालून लगेच आवाज आला, "तुला कनाला पायजे गो पाटी? तू दिसतेस ना!"