आईचं पानी

माझी लेक घरी बसून टायपिंगची कामं करते. तिनेच मला कॉम्प्युटरवर मराठी लिहायला शिकवलं. माझी शाळा चौथीपर्यंत. वहीत लिहायची मला लाज वाटते, अक्षर वेडंवाकडं येतं. कॉम्प्युटरवर सगळ्यांचं अक्षर सारखंच. म्हणून दुपारी ती जेवून आडवी झाली की मी हळूच बसते. 'न'ला एका बटणात भागतं, 'ण'ला मात्र शिफ्ट धरून ठेवावं लागतं. 'ळ'चंही तसंच. 'दुसऱ्या'मधला तो कोयरीच्या देठासारखा र सापडायला तर मला आठवडा लागला.

त्या दिवशी मला आईचं एकच वाक्य लिहायचं होतं. कोल्हारला आमचं घर नदीपासून जवळ. कुठूनही दमून आले की आई तांब्या पुढे करून म्हणायची, "आदी पानी पी, मंग बोल."

मी 'पानी' लिहून जागा सोडली, तर डोळ्यांदेखत त्याचं 'पाणी' झालं. खोडून पुन्हा लिहिलं. पुन्हा 'पाणी'. 'आदी'चं 'आधी' झालं, 'मंग'चं 'मग'. वाक्य शुद्ध झालं आणि आई त्यातून निघून गेली.

चौथीत असताना बाईंनी माझ्याकडून फळ्यावर दहा वेळा 'पाणी' लिहून घेतलं होतं. सगळा वर्ग हसला. तो राग मी घरी येऊन आईवर काढला. तिने तांब्या पुढे केला तशी मी म्हणाले, "पानी न्हाई, पाणी म्हन!" शिकवत होते मी, आणि 'म्हन' माझंच चुकत होतं.

आई हसली. "व्हय गं माजे मास्तरनी! तुज्या पाण्यानं तहान जास्ती भागती का?"

पण मी सोडलं नाही, रोज टोकत राहिले. एकदा माझ्या मैत्रिणी घरी आल्या होत्या. आईने बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तांब्या नुसताच पुढे केला. पुढे कितीतरी वर्षं तो तसा मुक्यानेच पुढे यायचा. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले, तेव्हा दारातच ते वाक्य पुन्हा ऐकू आलं. मी न टोकता सगळा तांब्या संपवला.

"आई, केव्हाची काय बडवतेस गं?" लेक उठून आली होती.

"हे 'पानी' टिकतच नाही."

"अगं, दुरुस्तीच्या शब्दांची ती यादी मीच भरलीय. तू न-ण वगैरे चुकवतेस ना, म्हणून आपोआप दुरुस्त होतं. कुणी वाचलं तर हसायला नको."

"कुणी वाचणार नाहीये. आणि ही चूक नाही, तुझ्या आजीचं बोलणं आहे."

ती माझ्या शेजारी बसली. मग यादी उघडून तिने ते तीन शब्द काढून टाकले. मी पुन्हा लिहिलं. या वेळी 'पानी' तसंच राहिलं, फक्त खाली लाल नागमोडी रेघ आली.

"शब्दकोशात घातलं की ही पण जाते. घालू?"

"घाल."

रेघ गेली. मी वाक्य एकदा वाचलं, मग उठून माठातलं तांब्याभर पाणी प्याले, आणि पुढचं लिहायला बसले.